असेल म्हणजे आहे का?

बालदोस्तांनो, केडी पाठक तुमच्यापैकी कोणाकोणाला माहीत आहे? हात वर करा बघू!

आमच्या चौथीच्या वर्गात हा प्रश्न विचारला, तर ३८ पैकी निदान तीस हात वर होतात. खरं तर 'अदालत' ही मालिका सोनी वाहिनीवर सुरू झाली २०१० च्या नोव्हेंबरमध्ये. तेव्हा ही मुलं जन्मलीसुद्धा नव्हती. मी त्या वेळी डी.एड. करत होते आणि पाठ टाचण लिहिता लिहिता एक डोळा टीव्हीवर ठेवून ती बघायची. आता हीच मुलं तिचे जुने भाग घरच्या मोबाइलवर बघतात. काळा कोट घातलेला रोनित रॉय उर्फ केडी पाठक कोर्टात शिरतो, साक्षीदाराला दोन-चार प्रश्न असे विचारतो की त्याला घाम फुटतो, आणि शेवटी भलताच कुणीतरी "हो, मीच केलं!" म्हणून मोकळा होतो. निरपराध माणूस सुटतो. आपण टाळ्या वाजवतो.

मीही वाजवायची. पण गेल्या फेब्रुवारीत आमच्या वर्गातच एक खटला उभा राहिला, आणि त्यात कुणाच्या बाजूने टाळ्या वाजवायच्या हे मला बराच वेळ कळेना. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते. मुलांची नावं मात्र मुद्दामच सांगणार नाही. का, ते शेवटपर्यंत वाचलंत की कळेल.

आमचं वाळूज म्हणजे छत्रपती संभाजीनगरहून पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव, तालुका गंगापूर. १९८५ मध्ये इथल्या औद्योगिक वसाहतीत बजाजचा मोठा कारखाना सुरू झाला आणि त्याच्यामागे शेकडो लहान-मोठे कारखाने आले. कारखाने आले तशी माणसं आली. कुणी हिंगोलीहून, कुणी परभणीहून, कुणी थेट बिहारहून. काम असेल तोवर राहायचं, संपलं की पुढं जायचं. त्यामुळे आमच्या हजेरीपटावर दर दोन महिन्यांनी एखादं नाव वाढतं आणि एखादं कमी होतं. तर असाच एक मुलगा दिवाळीनंतर वर्गात आला. हिंगोलीकडचा. वडील कंत्राटावर कामाला, आई दोन घरची धुणी-भांडी करायची, आणि गावाच्या कडेला पत्र्याची एक खोली. मुलगा अबोल. शेवटच्या बाकावर बसायचा, विचारलं तरच बोलायचा.

आमच्या वर्गात बचत बँक आहे. बँक म्हणजे काय, तर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणि एक वही! दर शनिवारी मुलांनी पाच-दहा रुपये आणायचे, वहीत लिहायचे, डब्यात टाकायचे. हिशोब यावा, बचतीची सवय लागावी म्हणून हा खटाटोप. त्या शनिवारी मी मॉनिटरकडून पैसे मोजून घेतले. वहीत बेरीज होती ८६० रुपये. डब्यात निघाले ७६०.

पुन्हा मोजले. ७६०.

वर्गात कुजबुज सुरू झाली. आणि मग काय झालं माहिती आहे? कुणी काही बोललं नाही, पण सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. शेवटच्या बाकाकडे. एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, काल मधल्या सुट्टीत तो एकटाच वर्गात व्हता."

मी शेवटच्या बाकाशी गेले. "दप्तर दाखव," म्हटलं. त्यानं दिलं. सगळ्या वर्गासमोर मी ते दप्तर बाकावर पालथं केलं. दोन वह्या, गणिताचं पुस्तक, कंपासपेटीचं नुसतं झाकण, आणि चार घड्या घातलेली शंभराची एक नोट.

"ही कुठून आली?"

"आईनं देली. तेलाला. शाळा सुटल्यावर घेऊन ये म्हनली."

शंभर कमी पडले होते आणि शंभरच सापडले होते. दोन आणि दोन चार इतकं सोपं! मी ती नोट घेतली, वहीत ठेवली आणि त्याला म्हटलं, "सोमवारी आईला घेऊन ये." तो काही बोलला नाही. रडलाही नाही. पालथ्या दप्तरातलं एकेक सामान परत भरत बसला. ते तेवढं मात्र मला घरी गेल्यावरही दिसत राहिलं.

सोमवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही.

मंगळवारी संध्याकाळी मीच त्याच्या घरी गेले. आई दारातच भांडी घासत होती. हात धुऊन उठली, मला बसायला पोतं अंथरलं. मी विचारण्याआधीच म्हणाली, "मॅडम, नोट म्याच देली व्हती. त्या दिवशी घरात तेल नव्हतं. तेल आलं नाही, तर बिनफोडणीचं वरण खाल्लं आमी. त्याचं काय नाही. पण लेकरू शाळंत जायाचं नाव काढंना."

मला काय बोलावं कळेना. पर्समधून तीच नोट काढून मी तिच्यापुढे धरली. तिनं हात पुढे केला नाही.

"अशी नका देऊ," ती म्हणाली. "जिथं घेतली, तिथंच द्या."

मुलांनो, मी डी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर चांगल्या गुणांनी पास झालेली आहे. पण त्या बाईनं एका वाक्यात जे सांगितलं, ते त्या पेपरात कुठंच नव्हतं. आरोप चारचौघांत करायचा आणि माफी मात्र कोपऱ्यात मागायची, हे कसं चालेल?

पण 'तिथं' जाऊन तरी काय सांगायचं? "त्यानं घेतले नाहीत" असं मला ठाऊक होतं का? आई म्हणते म्हणून? कुठलीही आई आपल्या लेकराच्या बाजूनेच बोलणार, असं मुलं म्हणणारच. बुधवारी वर्गात मी एवढंच म्हटलं, "आपण त्याच्याबद्दल घाई केली असं मला वाटतं." लगेच मॉनिटर उठला, "पण मॅडम, शंभरच निघाले ना!" आणि तेव्हा पुढच्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "मॅडम, केडी पाठकला बोलवा!"

वर्ग खो-खो हसला. मी हसले नाही.

त्या रात्री मी कितीतरी वर्षांनी 'अदालत'चा एक भाग पुन्हा पाहिला. आणि शोधता शोधता केडी पाठकचा एक परदेशी पणजोबाच मला सापडला! त्याचं नाव पेरी मेसन. अमेरिकेत अर्ल स्टॅन्ली गार्डनर नावाचे एक वकील होते. १९३३ पासून त्यांनी या मेसन वकिलाच्या ऐंशीहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. १९५७ ते १९६६ अशी नऊ वर्षं त्यांच्यावर बेतलेली मालिका अमेरिकेतल्या टीव्हीवर चालली. एकूण २७१ भाग! रेमंड बर हा भारदस्त नट मेसन व्हायचा. प्रत्येक भागाचा साचा ठरलेला. कुणीतरी निरपराध माणूस खुनाच्या आरोपात अडकतो, सगळा पुरावा त्याच्याच विरुद्ध असतो, सरकारी वकील बर्गर ऐटीत खटला चालवतो, आणि मेसनच्या उलटतपासणीत खरा गुन्हेगार भर कोर्टात कबुली देतो. बिचारा बर्गर जवळपास प्रत्येक वेळी हरतो!

जवळपास म्हणते, कारण १९६३ मध्ये दाखवलेला एक भाग वेगळा आहे. त्याची सुरुवातच होते ती इतर भाग जिथे संपतात तिथे, म्हणजे निकालाने. मेसनची अशील असलेल्या तरुणीला ज्युरी दोषी ठरवते आणि तिला मृत्युदंड होतो. २७१ भागांचा हिरो चक्क हरतो! पण तो घरी जाऊन बसत नाही. निकाल लागलेला असतानाही तो पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागतो, आणि अखेर ती निर्दोष असल्याचं सिद्ध करतो.

तो भाग मला फार लागला. माझाही निकाल शनिवारीच देऊन झाला होता. तोही कुठलंही कोर्ट न भरवता!

आणखी एक गोष्ट वाचली. गार्डनर वकिली करायचे तेव्हा त्यांच्याकडे येणाऱ्या अशिलांत परक्या देशातून आलेले गरीब चिनी लोक पुष्कळ असत. त्यांची बाजू ते मांडायचे. पुढे १९४८ मध्ये गार्डनर यांनी काही जाणकारांना बरोबर घेऊन एक मंडळ काढलं. चुकीने शिक्षा झालेल्या खऱ्याखुऱ्या कैद्यांची प्रकरणं पुन्हा तपासायची, हे त्या मंडळाचं काम. म्हणजे रहस्यकथा लिहिणाऱ्यालाही ठाऊक होतं, की कथेतल्यासारखं दर वेळी घडत नाही.

झालं! गुरुवारी मी वर्गात जाहीर केलं, "येत्या आनंददायी शनिवारी आपल्या वर्गात कोर्ट भरेल."

काय तो गलका! केडी पाठक कोण होणार याचा प्रश्नच नव्हता. जिनं सुचवलं तीच. तेव्हापासून आजपर्यंत सगळे तिला 'केडी'च म्हणतात. मॉनिटर झाला सरकारी वकील. न्यायाधीश म्हणून मी वर्गातली सर्वांत कमी बोलणारी मुलगी निवडली. मुलं कुरकुरली, "ती तर काहीच बोलत नाही!" मी म्हटलं, "न्यायाधीशाचं पहिलं काम ऐकायचं असतं."

गंगापूरच्या न्यायालयात वकिली करणारी माझी एक मैत्रीण आहे. तिला फोन करून मी नियम विचारून घेतले. आधी ती पोटभर हसली आणि मग म्हणाली, "पहिलं म्हणजे तो लाकडी हातोडा विसर. आपल्याकडच्या कोर्टात न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत. ते सगळं सिनेमातलं. आणि गीतेवर हात ठेवायची गरज नाही. १९६९ चा शपथ कायदा आहे, त्याप्रमाणे ईश्वराला स्मरून शपथ घ्यायची, नाहीतर नुसती गंभीरपणे प्रतिज्ञा करायची."

मग ती जे म्हणाली ते मी फळ्यावर लिहून ठेवलं. तुम्हीही लिहून ठेवा.

एक, ज्याच्यावर आरोप आहे त्यानं 'मी निर्दोष आहे' हे सिद्ध करायचं नसतं. ज्यानं आरोप केला, त्यानं तो सिद्ध करायचा असतो.

दोन, आरोपीला स्वतःच्या विरुद्ध बोलायची सक्ती करता येत नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम २० मध्येच तसं लिहिलं आहे. तो गप्प बसला म्हणजे चोर ठरत नाही.

तीन, आरोपीला वकील मिळालाच पाहिजे. पैसे नसतील तर सरकारने द्यायचा. तेही घटनेतच आहे, कलम ३९-अ मध्ये.

पुरावा कसा तपासायचा याचा आपला कायदा थेट १८७२ चा होता. त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला. पण कायद्याचं नाव बदललं तरी या तीन गोष्टी बदलल्या नाहीत, असं मैत्रिणीनं सांगितलं.

दुसरा नियम वाचून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, शनिवारी तो पण गप्पच होता." वर्ग शांत झाला.

मग सरकारी वकिलानं नवीनच टूम काढली. "मॅडम, हात वर करून मतदान घ्यायचं का? जास्त मतं पडतील तसं." त्याला म्हटलं, बस खाली, तुला एक गोष्ट सांगते. आपल्याकडेही पूर्वी ज्युरी असायची. म्हणजे साध्या नागरिकांची पंचमंडळी. १९५९ मध्ये मुंबईत नौदलातल्या नानावटी नावाच्या अधिकाऱ्यावर खुनाचा खटला चालला. लोकांची सहानुभूती त्या अधिकाऱ्याच्या बाजूने होती. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरवलं. पण न्यायाधीशांना तो निर्णय पुराव्याला धरून वाटला नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि तिथं तो अधिकारी दोषी ठरला. पुढे १९७३ च्या फौजदारी कायद्यात ज्युरीला जागाच उरली नाही. आता न्यायाधीशच निकाल देतात आणि तो का दिला याची कारणं त्यांना लिहावी लागतात. हात वर करताना कारण लिहावं लागत नाही ना!

मी मनात म्हटलं, शनिवारी आपण मतदानच तर घेतलं होतं. नुसत्या माना वळवून.

गुरुवारी संध्याकाळी मी पुन्हा त्या पत्र्याच्या खोलीवर गेले. या वेळी तो समोर आला. मी त्याला सांगितलं, "शनिवारी वर्गात कोर्ट आहे. यायचं तर ये, नाही तर नको. कुणी तुला काही विचारणार नाही. तुला वकील दिला आहे." त्यानं विचार केला. "कोन?" मी केडीचं नाव सांगितलं. "मंग येतो," तो म्हणाला. शुक्रवारी केडी आपल्या मोठ्या भावाला घेऊन त्याला भेटूनही आली. वकिलानं अशिलाला भेटलंच पाहिजे, असं ती म्हणाली!

शनिवार उजाडला. केडीनं भावाचा काळा स्वेटर घातला होता. फेब्रुवारीच्या उन्हात घामाघूम, पण काढायला तयार नाही! साक्षीदाराचा पिंजरा म्हणून एक स्टूल. तो आईबरोबर आला आणि आपल्या नेहमीच्या शेवटच्या बाकावर बसला. आई दाराशी उभी राहिली.

पहिली साक्ष त्या "एकटाच वर्गात व्हता" म्हणणाऱ्या मुलीची. तिनं प्रतिज्ञा घेतली. सरकारी वकिलानं तिच्याकडून तेच वाक्य वदवून घेतलं आणि ऐटीत बसला. मग केडी उठली.

"तू कुठून पाहिलंस?"

"नळाकडून. पाणी पीत व्हते."

"तो काय करत होता?"

"बसला व्हता. खाली वाकून काहीतरी करत व्हता."

"कपाटापाशी?"

"न्हाई... बाकावरच."

"नळाकडून कपाट दिसतं?"

साक्षीदार गोंधळली. केडी न्यायाधीशांकडे वळली, "सगळ्यांनी नळाजवळ जाऊन बघावं." आणि खरंच, आमचं अख्खं कोर्ट न्यायाधीशांसकट नळावर गेलं! नळाजवळ उभं राहिलं की खिडकीतून शेवटचे दोन बाक दिसतात. ज्या कपाटात डबा असतो, ते दिसतच नाही.

"खाली वाकून काय करत होता ते मी विचारून आलेय," केडी म्हणाली. "त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता. पिन लावत होता. पटांगणात सराटे आहेत. अनवाणी कसा जाणार?"

सगळ्यांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. डाव्या चपलेला पिन होती.

पण सरकारी वकील काही कच्चा नव्हता. "ते ठीक आहे. पण शंभरची नोट कुठून आली?"

केडीनं बचतीची वही मागितली. तिनं घरून तयारी करून आणली होती. "यात जानेवारीपासून कुणी शंभरची नोट दिली आहे का? नाही. दहा, वीस आणि नाणी. मग डब्यातून शंभरची नोट निघेल कशी?"

"दुकानात सुटे देऊन नोट घेतली असेल!"

"असेल म्हणजे आहे का?"

सरकारी वकिलानं तोंड उघडलं आणि मिटलं. मुलांनो, मी पेरी मेसन पाहिला, केडी पाठक पाहिला, पण याहून चांगला प्रश्न मी दोघांच्याही तोंडून ऐकलेला नाही. असेल म्हणजे आहे का?

मला वाटलं, झालं, संपलं. तेवढ्यात केडी म्हणाली, "मला अजून एक साक्षीदार बोलवायचा आहे. मॅडम."

वर्गात एकदम शांतता पसरली. मी स्टुलावर जाऊन बसले. प्रतिज्ञा घेतली. खरं सांगते, माझे तळहात ओले झाले होते.

"डबा कुठे असतो?"

"कपाटात."

"कपाटाला कुलूप आहे?"

"बिघडलं आहे."

"कधीपासून?"

"दोन महिने झाले."

"त्याच्या आधी पैसे कधी मोजले होते?"

"आदल्या शनिवारी."

"मग पैसे शुक्रवारीच गेले, हे कशावरून?"

"सांगता येत नाही. आठवड्यात कधीही गेले असतील. आदल्या वेळी मोजण्यातही चूक झाली असेल."

"तुम्ही किती दप्तरं तपासली?"

"एक."

"वर्गात मुलं किती?"

"अडतीस."

"मग त्याचंच का?"

हा प्रश्न तिनं मोठ्या आवाजात विचारला नाही. केडी पाठकसारखं बोटही रोखलं नाही. नुसतं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "सगळे तिकडे बघत होते म्हणून," असं म्हणता आलं असतं. "ती मुलगी म्हणाली म्हणून," असंही म्हणता आलं असतं. पण आत्ताच मी खरं बोलण्याची प्रतिज्ञा घेतली होती.

"तो नवीन आहे म्हणून," मी म्हटलं. "आणि गरीब आहे म्हणून. त्याच्या जागी दुसरं कुणी असतं, तर मी आधी पैसे तिसऱ्यांदा मोजले असते."

दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या आईकडे मला बघवलं नाही.

न्यायाधीशबाईंनी वहीत निकाल लिहिला आणि उभ्या राहून वाचला. वर्षभरात पहिल्यांदाच तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला असेल. "पैसे कमी आहेत हे खरं आहे. त्यानं घेतले, हे कोणीच दाखवलं नाही. म्हणून तो निर्दोष आहे. नोट त्याची आहे. मॅडमनी ती सगळ्यांसमोर घेतली, म्हणून सगळ्यांसमोर द्यावी."

मी वहीतली नोट काढली. शेवटच्या बाकाशी गेले. आठवड्यापूर्वी गेले होते तशीच, त्याच वाटेने. "माझं चुकलं," म्हटलं, आणि नोट त्याच्या हातात दिली. त्यानं तिच्या पुन्हा चार घड्या घातल्या, खिशात ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, पानी पिऊन येऊ?"

तुम्हाला वाटेल, इथं गोष्ट संपली. पण केडीनं शेवटचं एक वाक्य पाठ करून आणलं होतं. ते तिला म्हणायचंच होतं. ती वर्गाकडे वळून म्हणाली, "आता खरा चोर असेल त्यानं उभं राहावं!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मालिकेत याच वेळी संगीत वाढतं आणि कुणीतरी उठतं. आमच्या वर्गात पंखा फिरत होता तेवढाच आवाज. एक मिनिट गेलं. कुणीही उठलं नाही. मग सुट्टीची घंटा झाली.

"मग मॅडम, चोर कोण?" बाहेर पडताना प्रत्येकानं विचारलं.

मला माहीत नाही. आजही माहीत नाही. कुणी घेतले असतील, किंवा माझ्याच हिशोबात गफलत असेल. असेल! कमी पडलेले शंभर रुपये मी माझ्या खिशातून भरले, कारण कुलूप दुरुस्त करून घेणं माझं काम होतं. आता कपाटाला नवं कुलूप आहे आणि वहीत दर शनिवारी दोन मुलांच्या सह्या असतात.

आपल्या भाषेत एक म्हण आहे, चोर सोडून संन्याशाला फाशी. मालिका बघताना वाटतं, चोर सापडला म्हणजे न्याय झाला. पण चोर दर वेळी सापडतोच असं नाही. संन्याशाला खाली उतरवणं मात्र दर वेळी आपल्या हातात असतं. तुमच्याही वर्गात कधी पेन हरवेल, डबा हरवेल, आणि सगळ्या माना एकाच दिशेला वळतील. तेव्हा तुमची मान वळण्याआधी केडीचा प्रश्न स्वतःला विचारून बघा. आणि आता कळलं ना, मी नावं का सांगितली नाहीत? त्या मुलाचं नाव आणि चोरी हे दोन शब्द पुन्हा एका ओळीत यायला नकोत.

मे महिन्यात त्याच्या वडिलांचं कंत्राट संपलं. तो आईबरोबर शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आला. दाखल्यावर एक रकाना असतो, 'वर्तणूक'. आजवर मी शेकडो दाखल्यांवर तिथं डोळे झाकून 'चांगली' लिहिलं आहे. या वेळी पेन टेकवून थोडी थांबले आणि मग नीट अक्षरात लिहिलं.

तो बोट ठेवून दाखला वाचत होता. त्या रकान्यापाशी बोट थांबलं.

"मॅडम, हे कुनी ठरवलं?"

"मी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. शेवटच्या बाकावरचा तो मुलगा पहिल्यांदाच मला हसताना दिसला.

"पुराव्यानं?"

"हो," मी म्हटलं. "पुराव्यानं."